डाव्या हाताचा क्लच

मी सीट बोलतेय. ट्रॅक्टरची. गादीबिदी काही नाही, निव्वळ जाड पत्र्याची, मधे खोलगट. आजकालच्या सीटा मऊ असतात, त्यांना पाठ असते, टेकायला हात असतात. माझ्या वेळी सीट म्हणजे लोखंडाची एक मोठी ओंजळ. बसणाऱ्यानं त्यात स्वतःला नीट ठेवायचं आणि पुढचं रस्त्यावर सोपवायचं.

माणसं मला निर्जीव समजतात, त्याचा मला राग नाही. उलट फायदाच आहे. उभ्या माणसाच्या तोंडून जे निघत नाही ते बसल्यावर आपसूक निघतं, आणि बसायचं तर माझ्यावरच. असं ऐकून ऐकून माझ्याकडे बरंच साठलंय. त्यातलं सगळ्यात आवडतं तेवढं सांगते. एका ट्रॅक्टर मिस्त्रीचं आणि त्याच्या घरच्यांचं. माझं आयुष्यही त्यातच येऊन जातं.

माझा जन्म कारखान्यात झाला. वरून एक भला मोठा ठोकळा धाडकन आला आणि सपाट पत्र्याची मी सीट झाले. इतकं झटपट, की रडायलाही सवड मिळाली नाही. लाल रंग लागला, एका कोऱ्या ट्रॅक्टरवर बोल्टनं आवळलं आणि एका शेतकऱ्याच्या घरी पाठवलं. माणूस भला होता, पण देह असा की तो बसला की माझ्याखालची स्प्रिंग कण्हायची. नांगरताना एकट्यानं बोलायची त्याला सवय. घरी बायकोशी झालेलं भांडण तो शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा भांडायचा आणि या खेपेला जिंकायचा. एकोणीस वर्षं मी त्याच्याच बाजूनं निकाल दिला.

मग त्या ट्रॅक्टरचं इंजिन गेलं. दारात नवा ट्रॅक्टर आला आणि आम्ही बांधावरच्या झाडाखाली जाऊन उभे राहिलो. तिथे एका कोंबडीनं मला पसंत केलं. तिचं वजन मालकाच्या मानानं काहीच नव्हतं, आणि उठून जाताना ती मागे एक अंडं ठेवून जायची. इतकी वर्षं माणसं बसून गेली, मागे धूळ सोडली तर कुणी काही ठेवलं नाही.

एके दिवशी सायकलवरून एक तरुण आला. उंच, किडकिडीत, कान जरा जास्तच मोठे, बोटांच्या पेरांत काळं तेल. त्याला त्या ट्रॅक्टरमधला एक गिअर हवा होता. गिअर काढून झाल्यावर त्यानं कोंबडीला दोन्ही हातांनी अलगद उचलून खाली ठेवलं, माझ्यावर बसला, डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं.

"काका, ही सीटही द्या ना मला," तो मालकाला म्हणाला. "असला जाड पत्रा आता कुणी वापरत नाही. भंगारात जाईल बिचारी."

"ने की. पण कोंबडीला विचार," मालक म्हणाला.

तोच आमचा मिस्त्री.

दोन रस्ते मिळतात तिथे त्याचं वर्कशॉप होतं. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. भिंतीवर प्रत्येक पान्याचं चित्र रंगवलेलं, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबूनच कळावं. त्यानं मला एका जुन्या ब्रेकच्या ड्रमवर बसवलं आणि मी गिऱ्हाइकाची खुर्ची झाले. ट्रॅक्टरवाल्यांनी यावं, माझ्यावर टेकावं आणि मिस्त्री काय म्हणतो याची वाट बघावी. मिस्त्री आधी काहीच म्हणायचा नाही. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. गिऱ्हाइकही उगाच डोळे मिटून घ्यायचं. मिस्त्री गालातल्या गालात हसला की समजावं, दुखणं सापडलं.

दोन-तीन वर्षं अशी गेली आणि एका सकाळी एक ट्रॅक्टर आचके देत दारात येऊन बंद पडला. चालवणारी मुलगी होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोक्याला रुमाल. उडी मारून उतरली.

"थोडा चालतो आणि दम टाकतो," ती म्हणाली.

मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर घेतला, कान लावला, डोळे मिटले आणि हसला. "पंप उघडावा लागेल."

"पंप नका उघडू. डिझेलच्या नळीत कुठेतरी हवा शिरतेय."

"कशावरून?"

"टाकी भरलेली असली की दिवसभर चालतो. अर्ध्याच्या खाली गेली की बंद. पंप खराब असता तर टाकी बघून बंद पडला असता का?"

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच अडकून राहिलं. मग त्यानं फिल्टरजवळचा बोल्ट सोडवला. आतला तांब्याचा वॉशर चिरलेला होता. बारीक, केसाएवढी चीर. त्यानं तो वॉशर तिच्या तळहातावर ठेवला आणि कानाची पाळी खाजवत म्हणाला, "हा तुमच्याकडेच ठेवा. मला पुन्हा शहाणपणा सुचला तर दाखवायला."

ती मोठ्यानं हसली. वर्कशॉपात तोवर असं हसू कुणी हसलं नव्हतं. पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली.

त्यानंतर तो ट्रॅक्टर भलताच नाजूक झाला. कधी त्याचा आरसा हलायचा, कधी हॉर्नचा आवाज घोगरा वाटायचा. एकदा तर ती नुसती हवा तपासायला आली, आणि चाकांत हवा अगदी बरोबर होती. शेवटी एक दिवस तिचे वडील स्वतः आले. माझ्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मिस्त्री, खरं सांगा. बिघाड ट्रॅक्टरमध्ये आहे की आमच्या मुलीत?"

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. "बिघाड माझ्यात आहे," तो म्हणाला.

"दुरुस्त होण्यासारखा आहे का?"

"नाही. असाच चालवून घ्यावा लागेल."

"चालवायचं काम तिचं आहे," ते उठता उठता म्हणाले. "तिला विचारतो." पण ती काय म्हणणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, नाहीतर जाताना त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली नसती.

लग्नानंतर वर्कशॉपला लागून दोन खोल्या उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर आणि वर्कशॉप यांच्या मधल्या भिंतीला मिस्त्रीनं एक खिडकी पाडली. म्हटलं तर चहा द्यायला, पण दिवसभरात चहापेक्षा गप्पाच जास्त यायच्या-जायच्या. आधी थोरली झाली, मग सहा वर्षांनी धाकटी. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मिस्त्री भुसा आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा, आणि त्यानंतर कुणी कितीही मोठा माणूस आला तरी एकच उत्तर : "आता मी बाप आहे. मिस्त्री सकाळी भेटेल." मग मला अंगणात ओढून आणायचा. एका मांडीवर थोरली, दुसऱ्या मांडीवर धाकटी, आणि गोष्ट. त्याच्या गोष्टीतला वाघ डिझेल इंजिनासारखा गुरगुरायचा, राजा चढाला लागलेल्या ट्रॉलीसारखा धापा टाकायचा. राजकन्येचा आवाज काही केल्या जमायचा नाही, तो खिडकीतून आई काढायची.

बायकोसाठी त्यानं एक ट्रॅक्टर बनवला. विकत घेतला म्हणत नाही, बनवला. तीन मेलेल्या ट्रॅक्टरांतून एक जिवंत. बॉनेट निळं, मडगार्ड लाल, मागची चाकं एका रंगाची, पुढची दुसऱ्या. मुलींनी त्याचं नाव ठेवलं ठिगळ्या. त्याच्यावर बसून मिस्त्रीण पहाटे निघायची, मागे ट्रॉली, ट्रॉलीत दुधाचे कॅन. नऊ वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीत पोचवायचं तिच्याकडे होतं. तिची वेळ अशी पक्की की ठिगळ्याचा आवाज आला की पोरं अंथरुणातून उठायची आणि म्हातारी माणसं चूल पेटवायची. ठिगळ्यावर तेव्हा गादीची सीट होती. मी तिचा थोडा हेवा करायचे, खोटं कशाला बोलू?

अकरा वर्षं हे असं छान चाललं. मग एका दुपारी, गोठ्याच्या माळ्यावरून चारा काढताना शिडीची पायरी मोडली आणि मिस्त्रीण पाठीवर पडली.

दोन महिने वर्कशॉप बंद होतं. माझ्यावर बोटभर धूळ साचली. मुली आजोळी होत्या. ती परत आली त्या दिवशी मिस्त्रीनं तिला गाडीतून दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. शेजारच्या कुणीतरी विचारलं तेव्हा मला कळलं : जीव वाचला, उजवा पाय बरा आहे, डाव्या पायात मात्र जोर येणार नाही. काठी घेऊन चालेल, पण तो पाय नुसता सोबतीला.

यानंतर मिस्त्रीनं जे केलं ते बघून लोकांचे डोळे भरून यायचे. सायलेन्सरचे जुने पाइप जोडून त्यानं घरभर हाताला धरायला कठडा केला. उंबरे काढून टाकले. पलंगाशी बेअरिंगची घंटा टांगली. स्वयंपाक शिकला. मुलींच्या वेण्या घालायला शिकला, आणि रिबिनी सापडल्या नाहीत की वेण्यांना रबरी ओ-रिंग लावायचा. शाळेत थोरलीच्या मैत्रिणींना त्या इतक्या आवडल्या की त्याही मागायला लागल्या. बायकोला तो पाणीसुद्धा उठून घेऊ द्यायचा नाही. "तू बस. मी आहे ना." दिवसातून शंभर वेळा.

आणि मिस्त्रीणीचं हसू कमी कमी होत गेलं. मला खिडकीतून कळायचं. आधी ती त्याच्या प्रत्येक वाक्यावर काहीतरी बोलायची. मग नुसतं "हं" यायला लागलं. मग तेही नाही.

एका दुपारी मिस्त्री गिऱ्हाइकाच्या शेतावर गेला होता. टक टक असा आवाज आला. काठी टेकत, कठडा धरत ती वर्कशॉपात आली आणि दमून माझ्यावर बसली. घरातल्या खुर्चीवर ती डावीकडे घसरायची, म्हणून मिस्त्री तिला उशा लावून ठेवायचा. माझ्यात बसल्यावर घसरली नाही. मी खोलगट ना. तिनं एकदा हळूच डावीकडे झुकून पाहिलं, मग उजवीकडे. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

मिस्त्री परत आला तो तिला तिथे बघून धावलाच. "अगं, हाक मारायचीस ना! एकटी कशी आलीस?"

"चालत," ती म्हणाली. "ठिगळ्या कुठाय?"

"आहे की. मागे."

"त्याच्यावर ताडपत्री का घातलीय?"

"पावसानं गंजायला नको म्हणून."

"शेडमध्ये पाऊस पडतो?"

मिस्त्री हातातली पिशवी उगाच या बाकावरून त्या बाकावर ठेवायला लागला. त्यानं ती ताडपत्री का घातली होती ते मला माहीत होतं. ट्रॅक्टर दिसला की तिला वाईट वाटेल, असं त्याच्या मनात होतं.

"इकडे बघा," ती म्हणाली. "एक पार्ट गेला म्हणून तुम्ही कधी कुणाचा अख्खा ट्रॅक्टर भंगारात काढलाय?"

"असं काय बोलतेस? मी तुला..."

"तुम्ही मला पुसताय, झाकताय, जपताय. सगळं करताय. चालू करत नाही आहात." "सकाळी तो नवा ड्रायव्हर कॅन घेऊन जातो ना रस्त्यानं, तेव्हा मी उशीत तोंड घालते. आवाजावरून कळतं मला, चुकीच्या गिअरमध्ये चढ चढतो मेला."

मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्या तेलकट जमिनीवर, चांगल्या पँटनिशी.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "तू पडलीस त्या दिवशी मी शेडमध्ये होतो. मला आवाज आला नाही. अख्ख्या जगाच्या इंजिनांचे आवाज मला ऐकू येतात, आणि तुझाच आला नाही."

असं तो आधी कुणाशी बोलला नव्हता. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. तिच्या हाताला ग्रीस लागलं.

"भीती मलाही वाटते," ती म्हणाली. "आपण दोघं मिळून घाबरू. पण क्लचचं काहीतरी करा."

ज्यांना ट्रॅक्टर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेक उजव्या पायाशी असतात, आणि तिचा उजवा पाय ठीक होता. वेग हातानं वाढवता येतो. अडचण एकच, क्लच. तो डाव्या पायानं दाबायचा, आणि दाबायला चांगला जोर लागतो. दाबला तर गिअर पडणार, हळूहळू सोडला तर ट्रॅक्टर निघणार. म्हणजे पायाचं काम हाताला द्यायचं.

मिस्त्रीनं दुसऱ्याच दिवशी ताडपत्री ओढून काढली आणि कामाला लागला. आधी माझा नंबर आला. मला ड्रमवरून सोडवलं, खरवडलं, घासलं, पुन्हा लाल रंग दिला, आणि ठिगळ्यावरची गादीची सीट काढून तिच्या जागी मला बसवलं. मागे पाठीसाठी एक पत्रा, त्याला घोंगडी गुंडाळलेली. इतक्या वर्षांनी माझ्याखाली पुन्हा स्प्रिंग आली, आणि माझ्या अंगात इंजिनाची थरथर शिरली. काय सांगू तुम्हाला! पंधरा वर्षांनी माहेरी गेल्यासारखं वाटलं.

पहिला लिव्हर त्यानं डाव्या बाजूला उभा केला, खाली क्लचला सळईनं जोडलेला. मिस्त्रीण त्याच्या आधारानं चढून बसली, लिव्हर ओढला, गिअर टाकला. पण स्प्रिंगचा जोर असा की तिचा हात थरथरायला लागला आणि लिव्हर सटकला. ठिगळ्यानं बेडकासारखी उडी मारली आणि थेट पाण्याच्या हौदावर जाऊन आदळला. हौदाचा कोपरा फुटला, पाणी अंगणभर झालं. मिस्त्री पांढराफटक पडून धावला. बघतो तर मिस्त्रीण स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसतेय, आणि धाकटी पाण्यात नाचत विचारतेय, "आई, पुन्हा करशील?"

दुसऱ्या लिव्हरची त्यानं लांबी वाढवली आणि त्याला दातेरी पट्टी जोडली. ओढला की दात्यात अडकायचा, हाताला आराम. सोडायचा तर मुठीला सायकलचा ब्रेक लावलेला, तो दाबला की दाता सुटायचा. ओढण्याचं दुखणं गेलं, पण सोडण्याचं राहिलं. दाता सुटला की क्लच फटकन लागायचा आणि ट्रॅक्टर असा हिसका द्यायचा की मिस्त्रीणीच्या डोक्याचा रुमाल उडून मागे पडायचा. ट्रॉलीत कॅन असते तर दुधाचं लोणी झालं असतं. आठ दिवस मिस्त्रीनं नाना प्रकार केले. तिची पाठ दुखायला लागली, पण ती सांगायची नाही. मला कळायचं, तिची पाठ माझ्यालगतच होती.

नवव्या दिवशी ती दवाखान्यात व्यायामाला जाऊन आली आणि दारातूनच ओरडली, "अहो! तिथलं ते काचेचं दार बघितलंत का?"

"कुठलं दार?"

"कितीही जोरात ढकला, परत येताना हळूच मिटतं. वर एक नळी बसवलीय त्याला. मी आज व्यायाम सोडून तेच बघत होते. व्यायाम घेणाऱ्या बाई ओरडल्या मला."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. मग आत गेला आणि भंगाराच्या ढिगातून मोटारसायकलचा एक शॉकअप, म्हणजे खड्ड्यातले धक्के जिरवणारा दांडा, घेऊन आला. बाहेरची स्प्रिंग काढून टाकली, तेलाची नळी तेवढी ठेवली, आणि लिव्हरखाली बसवली. मिस्त्रीणीनं लिव्हर ओढला, गिअर टाकला, मूठ दाबली. नळीतून 'सूंऽऽ' असा आवाज आला, लिव्हर झोपाळू माणसासारखा सावकाश पुढे गेला, आणि ठिगळ्या लोण्यातून सुरी फिरावी तसा निघाला.

मग थोरली म्हणाली, "बाबा, तुमच्या डोळ्यांत ग्रीस गेलंय." मिस्त्री म्हणाला, "हो गं, गेलंय खरं."

महिनाभर अंगणात आणि मागच्या पडीक रानात सराव झाला. बातमी डेअरीत पोचली तसे मॅनेजर स्वतः आले. सभ्य माणूस. टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्यावर विश्वास आहे. पण वाटेत पुलाचा चढ आहे, भरलेली ट्रॉली मागे. एकदा बघू द्या, म्हणजे मलाही वर सांगता येईल."

ठरलं. कॅनमध्ये पाणी भरलं, ट्रॉली जोडली. रस्त्याच्या कडेला बघ्यांची गर्दी. मिस्त्रीण माझ्यावर बसली. मिस्त्री नेहमीसारखा मडगार्डवर चढला. महिनाभर तो तिथेच बसत होता, एक हात इंजिन बंद करायच्या मुठीवर ठेवून.

"उतरा खाली," ती म्हणाली.

"मी नुसता बसतो. काही करत नाही."

"तुमचा हात बघा कुठे आहे."

मिस्त्रीनं हात बघितला. मुठीवरच होता. त्यानं तो काढला आणि खिशात घातला. खिशातून आपोआप बाहेर आला. सगळे हसले. ती हसली नाही. हळू आवाजात, फक्त त्याला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही इथे असलात की मला वाटतं, मी पडणारच आहे. उतरा. माझ्यासाठी एवढं करा."

मी त्याचं खूप काही बघितलंय. जड इंजिनं एकट्यानं उचलताना बघितलंय. पण त्या मडगार्डवरून दोन फूट खाली उतरायला त्याला जेवढं बळ लागलं तेवढं कधी लागलं नव्हतं. उतरला. बाजूला उभा राहिला. सूंऽऽ झालं आणि आम्ही निघालो.

तो आधी मागून चालत येत होता. मग भराभर. मग चक्क धावायला लागला. पुलाच्या चढावर आम्ही निम्मे आलो आणि समोरून शेळ्यांचा कळप उतरला. ऐन चढावर, पुढे शेळ्या, मागे पाण्यानं भरलेली ट्रॉली. मिस्त्रीणीनं उजवा पाय ब्रेकवर दाबला, डाव्या हातानं लिव्हर ओढला. खट् करून दाता बसला. ठिगळ्या थांबला. तिच्या पाठीचा घाम घोंगडीतून माझ्यापर्यंत आला. शेळ्या काय, शेळ्याच. एक रस्त्यातच बसली.

मागे वळून बघायला मला मान नाही, पण लोकांनी पुढे शंभरदा सांगितलं : मिस्त्रीनं कडेचा एक भला मोठा धोंडा उचलला, छातीशी धरला आणि चाकामागे लावायला चढ चढत धावत सुटला.

"बाई, जाऊ दे, लोक मदतीला येतायत!" शेळ्यांवाला ओरडला.

"तुझी शेळी उठव आधी!" ती म्हणाली.

शेळी उठली. मिस्त्रीणीनं वेग वाढवला, इंजिन गुरगुरलं. मूठ दाबली. सूंऽऽ. लिव्हर सरकत गेला, क्लच पकडत गेला, आणि नेमक्या त्या क्षणाला तिनं ब्रेकवरचा पाय उचलला. ट्रॉली बोटभरसुद्धा मागे गेली नाही. ठिगळ्या चढ चढला, पूल ओलांडला, पलीकडे जाऊन वळला आणि परत आला.

मिस्त्री चढाच्या मध्यावर तसाच उभा होता, छातीशी धोंडा धरून, धापा टाकत. तिनं त्याच्यापाशी ट्रॅक्टर थांबवला.

"हे काय घेऊन निघालात?"

त्यानं धोंड्याकडे बघितलं, जसा काही तो दुसऱ्याच कुणीतरी हातात दिलाय. आणि मग दोघं असे हसत सुटले की शेळ्या पुन्हा बिचकल्या. कबुतरं उडवणारं ते हसू मला किती दिवसांनी ऐकू आलं!

मॅनेजर म्हणाले, "बाई, एक तारखेपासून याल का?"

"एक तारीख कशाला?" ती म्हणाली. "उद्या सकाळ आहे की."

त्याला आता चौदा वर्षं झाली. त्या लिव्हरची कीर्ती मिस्त्रीला कळायच्या आधीच लांब लांब पोचली. एक हात नसलेला नांगरवाला आला, गुडघे गेलेले एक आजोबा आले, चालताच न येणारी एक मुलगी वडिलांच्या पाठीवर बसून आली. मिस्त्री प्रत्येकाला आधी माझ्यावर बसवायचा आणि विचारायचा, "तुमचं काय काय चालू आहे ते सांगा. काय बंद आहे ते मला दिसतंय." मग माप घ्यायचा. ती मुलगी आता स्वतःच्या ट्रॅक्टरनं मळणी यंत्र ओढत गावोगाव फिरते, आणि आमच्या जवळून गेली की हॉर्न वाजवते. तिचा हॉर्न फार कर्कश आहे, पण मिस्त्री तो बदलू देत नाही.

थोरली शिकून मास्तरीण झाली. धाकटी बापाच्या शेजारच्या बाकावर काम करते. कागदावर आधी चित्र काढते, मग लोखंडाला हात लावते. बापाला ही पद्धत उलटी वाटते, पण तिचे लिव्हर त्याच्यापेक्षा हलके चालतात, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना अडवून सांगतो. वर्कशॉप अजून सहाला बंद होतं.

मी म्हणाल तर बरी आहे. रंग तीनदा गेला, तीनदा आला. डाव्या कडेला एक चीर पडली होती, धाकटीनं जोडून दिली. घोंगडी दर वर्षी बदलतात. मध्यंतरी थोरलीनं आईसाठी शहरातून नवी मऊ सीट आणली. मिस्त्रीण एक दिवस त्यावर बसली, म्हणाली "छान आहे," आणि ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवली. मी परत ठिगळ्यावर.

हल्ली मिस्त्रीलाही सकाळच्या फेरीला यायला आवडतं. काम काही नसतं त्याला. चहाची बाटली सांभाळायची, प्रत्येक वस्तीवर दोन शब्द बोलायचे आणि वाटेत तिच्याशी चुकीच्या गिअरवरून वाद घालून हरायचं. पण त्याचे गुडघे आता कुरकुरतात, मडगार्डवर चढणं जमत नाही. मग ती माझ्यावर बसल्या बसल्या वाकते आणि डावा हात खाली करते. चौदा वर्षं क्लच ओढून ओढून तो हात असा झालाय की काय सांगू! "द्या हात," म्हणते, आणि एका झटक्यात त्याला वर घेते. दर वेळी तो म्हणतो, "हळू गं, खांदा उखडशील माझा," आणि दर वेळी खूश होऊन रस्त्यातल्या लोकांकडे बघतो, त्यांनी पाहिलं की नाही ते.

तर मंडळी, एवढंच मागणं. सकाळी कुठे वाटेत निळ्या बॉनेटचा, लाल मडगार्डचा ट्रॅक्टर दिसला तर जरा कडेला व्हा आणि हात करा. तिला हात करू नका, तिचे दोन्ही गुंतलेले असतात. मडगार्डवर बसलेल्याला करा. तो दोन्ही हातांनी उत्तर देतो.